चैत्याच्या घरचं पाणी

"घे वं पोरी, चहा घे. दूध घरनं शे."

कामिनी डोक्यावर ओढणी घेऊन खाटेवर बसली होती. हातात रिकामी वाटी, आवाज म्हातारीचा, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू.

"नको मावशी," निशानं हात जोडले. "मी कामावर आहे. थोडं बोलायचं होतं फक्त."

"काबरं? मावशीना हातना चहा नही चालस का तुले? मोठी साहेबीण व्हई गयी!"

"तसं नाही मावशी. नियम आहे."

कामिनीनं वाटी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. "आस्सं! आते तू पास. मी सेठ ऱ्हायतू ना, तर आजच कामवर लाई देतू तुले."

नंदुरबारच्या त्या भाड्याच्या खोलीत दोघी दोन वर्षं राहत होत्या. कामिनी रनाळ्याची. घरी कापूस, दाराशी ट्रॅक्टर, ती बी.एड. करत होती आणि खोलीत आली की सरळ अहिराणीत उतरायची. निशा सातपुड्यातली, धडगावच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. सहाव्या वर्षी आश्रमशाळेत आली ती वसतिगृहांतच वाढली. घरी पावरी, शाळेत मराठी, बाजारात अहिराणी. तीन भाषा तिच्या जिभेवर अशा नांदायच्या जशा एका चुलीवर तीन घरच्या भाकरी. आता त्यात चौथी आली होती, नोकरीची भाषा. तिच्यात 'माणसं' म्हणत नाहीत, 'मनुष्यबळ' म्हणतात.

मनुष्यबळ विभागातलीच नोकरी होती ती. गुजरातच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक नवी सूतगिरणी उभी राहिली होती, तिथली. पहिली मुलाखत झाली, निशा निवडली गेली. दुसरी सोमवारी, खुद्द सेठसमोर. ती निभावली की मग दिवाळीनंतर तिच्या आईबापाला ऊसतोडीला जावं लागणार नव्हतं. दर साली दिवाळी झाली की पाडा रिकामा व्हायचा, कोंबड्यांसकट माणसं ट्रकमध्ये चढायची, आणि आई ट्रकच्या फळीवरून हात हलवायची. निशाला ती फळी डोळ्यांसमोरून काढून टाकायची होती. बाकी तिला काही नको होतं.

पहिल्या फेरीत हेमकांत सर भेटले होते, त्या विभागाचे प्रमुख. आवाज पिंजलेल्या कापसासारखा मऊ. गुरुवारी त्यांचाच फोन आला.

"निशा, सेठ कागदावरच्या मार्कांना भुलत नाहीत. त्यांना काम बघायचंय. एक छोटंसं काम आहे, मुलाखतीची तयारीच समज. चैत्या पावरा म्हणून एक पोरगा आपल्याकडे होता. होळीला सुट्टी घेऊन घरी गेला, परत आलाच नाही. आपली माणसं जाऊन आली, पण पाड्यावर कोणी तोंड उघडत नाही. तू तिकडचीच. जा आणि एवढंच विचार, घरी कधी आला, कधी निघाला. तिथं काही खायचं नाही, प्यायचं नाही. आपण कंपनीची माणसं. कामगाराच्या घरचं घेतलं की मन मिंधं होतं. कळलं? एवढं नीट केलंस की सोमवार तुझाच."

"जी सर," निशा म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा कामिनी पोळ्या लाटत होती. लाटणं हातातच राहिलं.

"होळीले गयेलं माणूस उशिरा येस, यामां नवं काय शे? तुमन्या पहाडमां तर होळी म्हणजे आख्खा महिना. एक पोऱ्यासाठी सेठ इतली दौडादौड काबरं करी ऱ्हायना?"

"शिस्त असेल."

"असंल," कामिनी म्हणाली, पण पोळी करपली.

तरी शुक्रवारी तिनंच मावशी होऊन निशाकडून सराव करून घेतला, आणि शनिवारी निशा निघाली. शहाद्याहून धडगावची बस, पुढं जीप. घाट चढू लागला तशी उन्हाची धग मागं राहिली आणि मोहाचा गोडूस, जड वास जीपमध्ये शिरला. होळी सरून पंधरवडा झाला होता. झाडं पानांवाचून उभी, आणि त्यांच्या पायाशी पिवळसर फुलांचा सडा, जणू रात्रीनं जाता जाता पदर झटकला होता. हा वास आला की निशाला एरवी आईची टोपली आठवायची. आज तिला फक्त एकेक वाक्य आठवत होतं, पाठ केलेलं: मी कामावर आहे. नियम आहे.

जीपवाला लोटन शहाद्याकडचा, तोंडाळ माणूस. बोकड कोणाचं, पोतं कोणाचं, सगळ्यांना चिडवत चालला होता. निशानं पाड्याचं नाव सांगितलं तसा आरशातून तिच्याकडे बघत म्हणाला, "तठे काय शे ताई? परवा दोन जण उनथात, बूट घालीसन. मी समजनू, इचारपूस करतीन. कोणले एक सबद इचारा नही. नुसतं तो पोऱ्यानं घर लांबथून देखं, आन् ग्यात."

"कोणाचं घर?"

"रमिलाबाईनं."

चैत्याच्या आईचं नाव रमिलाबाई होतं, हेमकांत सरांनी सांगितलेलं. त्यांनी हेही सांगितलं होतं, की माणसं गेली, त्यांनी विचारलं, पण कोणी तोंड उघडलं नाही. निशानं खिडकीबाहेर पाहिलं. दरीत खूप खाली एक ओढा आटून पांढरी रेघ झाला होता. बूट घालून आलेल्या माणसांनी काहीच विचारलं नव्हतं, मग तोंड कोणी उघडायचं होतं?

जीप थांबली तिथून पायवाट. पाड्यावरची घरं एकमेकांपासून लांब लांब, उतारावर एकेक, कोणाचा आवाज कोणाला जाईल एवढ्याच अंतरावर. रमिलाबाईचं घर सगळ्यांत वर. कुडाच्या भिंती नव्यानं सारवलेल्या, अंगणात मोहाची फुलं वाळत घातलेली. रमिलाबाई ती हातानं पसरत होती. लहानखुरी बाई, कानांत चांदी, पायाला भेगा.

"कोणाची गं तू?" तिनं पावरीत विचारलं.

निशानं बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. रमिलाबाईचा चेहरा फुलला. "अगं, तुझी आई तर माझ्या माहेरच्या अंगाची! आम्ही एका नदीवर पाणी भरलं. एवढी मोठी झालीस? चपला घालतेस बाई, शहरातल्या पोरीसारख्या. आणि एवढी वाळलीस कशानं, खायला घालत नाहीत का तिकडं? थांब, उन्हातून आलीस."

ती आत गेली आणि तांब्या भरून बाहेर आली. पितळेचा तांब्या, वर पाण्याचे थेंब. निशाच्या घशाला कोरड पडली होती. तरीही तिचे हात आपोआप जोडले गेले, तसेच, जसे नंदुरबारच्या खोलीत दहादा जोडले होते.

"नको काकी. मी कामावर आहे. थोडं बोलायचं होतं फक्त."

रमिलाबाई जागच्या जागी थांबली.

तांब्या हवेतच. तिचे डोळे निशाच्या जोडलेल्या हातांवर गेले, मग चपलांवर, मग उंबऱ्यावर. निशा उंबऱ्याबाहेर उभी होती. दुपारच्या शांततेत झाडावरून एक फूल टपकलं, त्याचाही आवाज झाला.

"कधी?" रमिलाबाईनं विचारलं.

"काय कधी, काकी?"

"कधी गेला माझा चैत्या?"

आणि तिनं तांब्या तिरका केला. पाणी अंगणात सांडलं, वाळत्या फुलांखालून वाट काढत गेलं.

तेव्हा निशाला कळलं. लहानपणी, आश्रमशाळेत जायच्याही आधी, तिच्या घरी असाच एक माणूस आला होता. उंबऱ्याबाहेर उभा राहिला होता. आजीनं पाणी दिलं ते त्यानं हात जोडून नाकारलं होतं, आणि आजीनं तांब्या उपडा केला होता. त्या डोंगरात मरणाची खबर आणणारा घरचं पाणी घेत नाही. त्याला बोलावं लागत नाही. उन्हातून आलेला माणूस पाण्याला नको म्हणतो, आणि घराला कळतं. निशाला हे माहीत होतं. दुधाच्या दातांइतकं जुनं माहीत होतं. आणि दोन दिवसांच्या तयारीनं ते पुसून टाकलं होतं.

"नाही काकी! तसं नाही!" तिनं तांब्या हिसकून घेतला, तळाशी राहिलेला घोट तोंडात ओतला. "हे बघ, प्याले मी! मला काही माहीत नाही गं. नियम आहे म्हणून—"

पण पाणी सांडून गेलं होतं. रमिलाबाई खाली बसली, दोन्ही हात फुलांत, आणि तिच्या गळ्यातून तो सूर निघाला. तो ओळखायला भाषा लागत नाही. घराघरांतून बाया बाहेर आल्या, उतारावरून पळत, पदर सावरत. त्यांनी काही विचारलं नाही. भोवती बसल्या आणि सुरात सूर मिसळला.

मोह गळला रानी,
कोण वेचील गं बाई,
टोपलं घेऊन उभी
माझी वाट सरत नाही...

"थांबा गं," निशा विनवत राहिली. "त्याला काही झालेलं नाही. मी विचारायला आलेय, सांगायला नाही."

शेवटी चैत्याचा काका आला, खांद्यावर कुऱ्हाड घेतलेला. त्यानं बायांना हातानं गप्प केलं आणि निशासमोर उकिडवा बसला.

"कोणी पाठवलं तुला?"

"गिरणीनं."

"काय विचारायला?"

"चैत्या होळीला घरी कधी आला, आणि परत कधी निघाला."

एक बाई दुसरीकडे बघायला लागली. काका म्हणाला, हळू, जसं एखाद्या लहानग्याला सांगावं, "चैत्या होळीला आलाच नाही, पोरी. होळीच्या आधी खालच्या दुकानात गिरणीतून फोन आला होता. म्हणे, काम जास्त आहे, चैत्याला सुट्टी नाही, वाट बघू नका. आत जाऊन बघ. होळीत नाचायचे त्याचे घुंगरू, कमरेचे भोपळे, मोरपिसांचा टोप, सगळं आईनं पुसून ठेवलं होतं. तसंच आहे."

निशा आत गेली नाही. तिला दारातूनच दिसलं. अंधाऱ्या भिंतीवर मोरपिसांचे डोळे, एकही न मिटणारा.

गिरणीनं घराला सांगितलं होतं, चैत्या गिरणीत आहे. गिरणीनं निशाला सांगितलं, चैत्या घरी गेला. दोन्हीकडून एकेक पाऊल मागं घेतलं की मधे जी जागा उरते, तिथं चैत्या होता.

"त्याचा स्वतःचा फोन?"

"बंद. आम्हाला वाटलं, पाण्यात पडला असेल. एकदा पडला होता."

निघताना रमिलाबाईनं तिचा हात धरला. रडणं थांबलं होतं, आणि थांबलेलं ते जास्त भयंकर होतं. "तुझ्यावर राग नाही गं. तू चुकून पाण्याला नको म्हणालीस. पण चुकीनंही अशी खबर उगाच येत नाही. तू पुन्हा तिथं कधी जाणार?"

"सोमवारी. माझी मुलाखत आहे, काकी."

"मग सोमवारी मी पण येते. तुझ्या कामात येणार नाही. फाटकाबाहेर बसेन."

रेंज फक्त टेकडीच्या माथ्यावर यायची. निशानं तिथून हेमकांत सरांना फोन लावला.

"सर, चैत्या होळीला घरी आलाच नाही."

पलीकडून यंत्रांची घरघर, एकसारखी, न संपणारी. निशा वाट बघत राहिली. कोणीही माणूस आता एकच गोष्ट विचारील: मग कुठं आहे तो? तिनं त्या प्रश्नासाठी कान टवकारले होते. प्रश्न आलाच नाही.

"तू काय सांगितलंस त्यांना?" हेमकांत सर म्हणाले.

"मी? काहीच नाही."

"पोलिसांत जायचं म्हणतायत का कोणी?"

"नाही सर. पण सर—"

"छान. फार छान केलंस." आवाज तसाच मऊ. "आता नीट ऐक. सोमवारी सेठ विचारतील. तेव्हा म्हणायचं, होळीला घरी आला, होळी खेळला, आणि तिथूनच सुरतेकडं कामाला गेला. तुमच्याकडची पोरं जातातच की. तू स्वतः पाड्यावर जाऊन आलीस, तुझ्या शब्दाला वजन आहे. मग दुसरी फेरी म्हणजे नुसतं चहापाणी. तुझ्या घरच्यांना नोकरीचं आताच कळवलंस तरी चालेल."

"जी सर," निशा म्हणाली.

म्हणाली, आणि मग तिला स्वतःचेच शब्द ऐकू आले. जीभ किती लवकर शिकली होती.

रविवारी कामिनीनं निशाचा ड्रेस इस्त्री केला. मग ओढणीचा फेटा बांधून, पोट पुढं काढून ती खुर्चीवर बसली. "चाल. मी सेठ. बोला म्याडम, तो चैत्यानं काय व्हयनं?"

निशानं तोंड उघडलं. "होळीला घरी आला," ती म्हणाली. "होळी खेळला..." आणि पुढचं येईना. भिंतीवरची मोरपिसं दिसायला लागली.

कामिनीनं फेटा काढला. "आते मी सेठ नही. सांग मले."

निशानं सांगितलं. जोडलेले हात, सांडलेलं पाणी, टेकडीवरचा फोन, सगळं. कामिनी इस्त्रीची वायर गुंडाळत राहिली.

"मी तुले शिकाडं," ती शेवटी म्हणाली. "चहा नको म्हन, मी शिकाडं."

"तुला काय माहीत."

"आन् आते? खोटं बोलनी तर नोकरी. खरं बोलनी तर?"

"तर आई यंदाही ट्रकमध्ये चढेल."

"वं माय," कामिनी म्हणाली, आणि तिनं दुसऱ्यांदा तो ड्रेस इस्त्रीला घेतला, घडी मोडलेली नसताना.

सोमवारी गिरणीच्या फाटकासमोर, निंबाच्या सावलीत, रमिलाबाई बसली होती. काका, आणि पाड्यावरची आणखी चार माणसं. निशाला बघून कोणी उठलं नाही, कोणी हाक मारली नाही. ओळख दाखवली तर पोरीचं काम जाईल, एवढं त्यांना कळत होतं. निशाही त्यांच्याकडे न बघता फाटकातून आत गेली.

आत गारवा होता. काचेपलीकडे सूत गुंडाळणाऱ्या शेकडो चात्या फिरत होत्या आणि त्यांची थरथर फरशीतून तळपायांत चढत होती. बाकावर आणखी एक मुलगी बसली होती, केसांना तेल, मांडीवर फाइल, ओठ हलतायत. पाठांतर. निशानं तिचे हात बघितले, मनगटावरचं गोंदण बघितलं. तीही डोंगरातलीच होती.

सेठ म्हातारे, दिसायला देवमाणूस. कपाळाला गंध. त्यांनी निशाला बसवलं, गावाचं नाव विचारलं, शिक्षणाचं कौतुक केलं. हेमकांत सर बाजूला हसरे उभे. मग सेठनी चष्मा काढून पुसला.

"तो चैत्या पावरा. त्याचं काय झालं मग?"

हेमकांत सरांनी अगदी थोडी मान हलवली, लहान मुलाला कविता म्हणायला लावतात तशी.

निशाला आईचा हात दिसला, ट्रकच्या फळीवरून हलणारा. तिनं तो बघितला, पुरता बघितला.

"चैत्या होळीला घरी आला नाही," ती म्हणाली. "त्याच्या घरी गिरणीतून फोन गेला होता, त्याला सुट्टी नाही म्हणून. तो फोन कोणी केला, ते मला इथं विचारायचंय. आणि तो कुठं आहे, ते त्याची आई बाहेर बसून विचारतेय."

सेठ रागावले नाहीत. तेच वाईट होतं. त्यांनी चष्मा पुन्हा घातला, निशाकडे दोन क्षण पाहिलं, जसं दोऱ्यातल्या गाठीकडे बघतात, आणि हेमकांत सरांना म्हणाले, "दुसरी आलीय ना? पाठवा तिला."

बाहेर बाकावरची मुलगी उठून उभी राहिली होती. जाता जाता तिनं निशाला पावरीत हळूच विचारलं, "अवघड विचारतात का गं?"

"तुला कोणत्या पाड्यावर पाठवलं?" निशानं विचारलं. पण दार उघडलं होतं, हेमकांत सर हसत उभे होते, आणि मुलगी आत गेली. दार मिटलं.

निशा फाटकाबाहेर आली आणि सरळ निंबाखाली जाऊन बसली, रमिलाबाईच्या शेजारी, मातीत, इस्त्रीच्या कपड्यांनिशी. पाळीचा भोंगा वाजला. कामगार बाहेर पडू लागले. केसांवर, भुवयांवर कापसाचे तंतू, सगळे एकदम म्हातारे झाल्यासारखे. त्यांत डोंगरातली पोरं होती. रमिलाबाई उठून उभी राहिली, म्हणजे तिचा चेहरा सगळ्यांना दिसेल.

पहिल्या पोरानं तिला बघितलं आणि मान खाली घातली. मग त्याच्या मागच्यानं. मग सगळ्यांनीच. वाऱ्यानं ज्वारीचं शेत एका अंगाला झुकावं तशी ती रांग झुकत गेली, फाटकापासून रस्त्यापर्यंत.

रमिलाबाईनं निशाचा खांदा धरला.

सर्वांत शेवटी सोनीबाई आली, गिरणीत झाडलोट करणारी, धानोऱ्याची उतारवयाची बाई, पहिल्या मुलाखतीला निशाशी दोन शब्द बोललेली. ती थबकली. फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे तिनं एकदा बघितलं. निशा उठून तिच्यासमोर गेली.

"मावशी, मला सांगा. मी आता त्यांची कोणी नाही."

सोनीबाईनं पदर तोंडाशी धरला आणि पहारेकऱ्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आठे नको, बाई. पुढे चाल. त्या मायले बी संगे घे."

आणि ती चालू लागली, मागं न बघता, गिरणीच्या भिंतीकडेनं.